एबीएस असलं तरी गाडीला थांबायला जागा लागतेच

पावसाळा आला की एक प्रश्न हमखास येतो: "जोरात ब्रेक मारला की लिव्हर थरथरतो, गाडीत काही बिघाड आहे का?"

नाही. ते थरथरणं म्हणजे एबीएस काम करतंय. घाबरून ब्रेक सोडू नका, हेच आज सांगायचंय.

चाक फिरत असतं तोवर टायर रस्ता धरून असतो. चाक जाम झालं की टायर नुसता घसरतो. पकड कमी होते आणि हँडल वळवलं तरी गाडी वळत नाही. बाईकचं पुढचं चाक जाम झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, सरळ आडवे. डिस्कजवळ भोकं असलेली एक छोटी रिंग दिसते ना, तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. वेग अचानक फारच पडला तर चाक जाम होणार हे कंट्रोलर ओळखतो, ब्रेकचा दाब क्षणभर कमी करतो, चाक फिरलं की परत वाढवतो. कोडवाल्यांसाठी: साधा लूप आहे, सेकंदात अनेकदा फिरणारा.

आता गैरसमज. एबीएसमुळे गाडी जागच्या जागी थांबत नाही. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर १७ मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर, ओल्यावर ३५च्या आसपास. वेग ८० केला तर कोरड्यावरच ब्रेकिंगचं अंतर ३५ होतं, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. खडी किंवा सुट्या मातीवर तर एबीएसने अंतर उलट वाढू शकतं.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाईकना एबीएस सक्तीचं आहे. पण कितीतरी बाईकवर ते सिंगल चॅनल असतं, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक अजूनही जाम होऊ शकतं! स्कूटरवरचं सीबीएस वेगळं: डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो, एवढंच. चाक जाम होणं ते थांबवत नाही.

मग करायचं काय? थ्रॉटल सोडा, दोन्ही ब्रेक लावा. पुढचा झटक्यात नको. आधी दाब द्या, मग वाढवत जा आणि धरून ठेवा. पंप करू नका, ते काम कंट्रोलरचं. कारमध्ये पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि मोकळ्या जागेकडे स्टिअरिंग वळवा. घाटात बाईक वळणावर झुकलेली असताना मात्र साधं एबीएस तुम्हाला वाचवेलच असं नाही. ब्रेक वळणाच्या आधी.

आणि हो, बाईक सुरू केल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो, थोडी पुढे गेली की विझतो. विझलाच नाही तर एबीएस बंद आहे, साधे ब्रेक चालू आहेत. कधीकधी सेन्सरवर नुसता चिखल बसलेला असतो. मेकॅनिककडून बघून घ्या.