गिअरच्या सायकलला बॅटरी : आधी हिशेब, मग खरेदी

नशिराबादहून जळगाव सुमारे दहा किलोमीटर, तर भुसावळ पंधराच्या आसपास. पूर्वी क्रमांक ६ आणि आता क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागूनच जातो. कापड, बांगड्या, भांडी घेऊन फेरी करणारे, तसेच गवंडी, सुतार, वेल्डर असे कितीतरी बांधव याच रस्त्याने रोज ये-जा करतात. पेट्रोल परवडत नाही आणि खानदेशच्या उन्हात मागे वीस किलो माल बांधून पायडल मारणे पन्नाशीनंतर झेपत नाही. म्हणून जाड टायरची गिअरची सायकल, जिला दुकानदार माउंटन बाइक म्हणतात, ती घेऊन तिला मोटार व बॅटरी बसवून घ्यावी असा विचार अनेकांच्या मनात येतो.

मोटारीचा संच माहीतगार मिस्त्री काही तासांत बसवून देतो. खरा प्रश्न बॅटरीचा आहे. संपूर्ण खर्चात बहुधा तिचाच वाटा मोठा असतो, आणि सर्वाधिक फसगतही तिच्यातच होते. आमच्या परिचयाच्या एका फेरीवाल्या बांधवांनी स्वस्त पडते म्हणून लेड-ॲसिडच्या तीन बॅटऱ्या कॅरिअरवर बांधून घेतल्या. माल ठेवायला जागा उरली नाही, सायकल मागून डोलू लागली आणि पहिला उन्हाळा संपण्यापूर्वीच बॅटऱ्या अर्ध्या रस्त्यात दम तोडू लागल्या. सहा महिन्यांची बचत गेली. ही पाळी इतरांवर येऊ नये म्हणून बॅटरी कशी निवडावी आणि कशी बसवावी, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रोजचे अंतर किती?

दुकानात जाण्यापूर्वी रोजचे जाण्यायेण्याचे अंतर कागदावर लिहावे. बॅटरीवर दोन आकडे असतात : व्होल्ट आणि एएच. या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, आणि हीच बॅटरीची खरी टाकी. सपाट रस्त्यावर, थोडे पायडल मारीत, बेताचा माल घेऊन चालणाऱ्या सायकलला एका किलोमीटरला सुमारे १५ वॅट-तास धरावेत. पायडल अजिबात मारायचे नसेल किंवा समोरून वारा असेल, तर २० धरावेत.

नशिराबाद ते जळगाव आणि परत म्हणजे २० किलोमीटर. १५ ने गुणले की ३०० वॅट-तास. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करू नये, पाचवा हिस्सा शिल्लक ठेवावा. त्यासाठी ३०० ला ०.८ ने भागावे. उत्तर ३७५ येते. ३८.४ व्होल्ट, १० एएचची बॅटरी ३८४ वॅट-तास देते, म्हणजे ती या कामाला पुरेशी आहे. भुसावळला जाऊन येणाऱ्यास ३० किलोमीटरसाठी ४५० वॅट-तास लागतील, शिलकीसह ५६० च्या आसपास. त्याने १५ एएचची घ्यावी. याहून मोठी घेण्यात पैसाही जातो आणि वजनही वाढते.

तीन प्रकार, तीन स्वभाव

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला लेड-ॲसिड. ही विद्या १८५९ सालची, फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांची. स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी, पण जड. १२ व्होल्ट, १२ एएचच्या तीन बॅटऱ्यांचे वजन ११-१२ किलो होते. शिवाय तिची निम्मीच टाकी वापरावी लागते. रोज खोलवर वापरली तर दोनशे-तीनशे चार्जिंगमध्ये ती थकते.

दुसरा लिथियम-आयनमधील एनएमसी प्रकार. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. एनएमसी ही त्याच घराण्यातली पुढची पिढी. ही सर्वांत हलकी. ३६ व्होल्ट, १० एएचची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते. पण अति उष्णता, जादा चार्जिंग किंवा मार बसल्यास पेट घेण्याचा धोका हिलाच अधिक.

तिसरा लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी. वजन एनएमसीपेक्षा जास्त, १० एएचला सुमारे चार किलो. मात्र उष्णतेला ही अधिक टिकते, सहजासहजी भडकत नाही आणि नीट सांभाळली तर हजारापेक्षा जास्त चार्जिंग देते. जिथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांना टेकतो, त्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात रोजीरोटीच्या सायकलला हीच बॅटरी योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्वस्त कोणती?

हिशेबापुरते असे समजू या की लेड-ॲसिडचा संच पाच हजारांचा आहे आणि एलएफपी चौदा हजारांची. लेड-ॲसिड एका चार्जिंगला १४ किलोमीटर नेते आणि २५० चार्जिंग टिकते, म्हणजे एकूण ३,५०० किलोमीटर. दर किलोमीटरला बॅटरीचा खर्च सुमारे १ रुपया ४३ पैसे पडला. एलएफपीची १,००० चार्जिंग आणि प्रत्येकी २० किलोमीटर धरले तर २०,००० किलोमीटर होतात. खर्च ७० पैसे पडला. ज्या दिवशी पैसे मोजले त्या दिवशी स्वस्त वाटलेली बॅटरी वर्षाअखेर दुपटीने महाग ठरते. दुकानातले आजचे भाव विचारून वाचकांनी हाच हिशेब आपल्या आकड्यांनी करून पाहावा. विजेचा खर्च तर किरकोळ आहे. १० एएचची बॅटरी भरण्यास अर्धे युनिटही लागत नाही. युनिटला दहा रुपये धरले तरी पाच रुपयांच्या आत काम होते.

खरेदी करताना बॅटरीत बीएमएस आहे का हे विचारावे. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून जादा चार्जिंग, जादा करंट आणि शॉर्ट-सर्किट रोखणारे हे सर्किट असते. सायकलचा कंट्रोलर १५ अँपिअरपर्यंत ओढत असेल तर बीएमएस २० अँपिअरचा हवा. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, त्यांवर कावियाने झाळ देऊन घरी बनवलेली बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कारागिरांनी ती बनवूही नये. सेल झाळाने नव्हे, स्पॉट वेल्डिंगने जोडावयाचे असतात. पक्के बिल, तारीख आणि लेखी गॅरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चार्जरची गफलत

तिन्ही प्रकारांना दुकानात सरसकट '३६ व्होल्टची बॅटरी' म्हणतात, पण त्यांचे चार्जर वेगळे असतात. दहा सेलची एनएमसी ४२ व्होल्टवर पूर्ण भरते. बारा सेलची एलएफपी ४३.८ व्होल्टवर भरते आणि लेड-ॲसिडचा चार्जर ४४ व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. पिन बसते म्हणून लेड-ॲसिडचा किंवा एलएफपीचा चार्जर एनएमसीला लावला, तर प्रत्येक सेलवर जादा दाब येतो. आणि बीएमएसही कामचलाऊ असेल तर आग लागू शकते. चार्जरवर कोणत्या बॅटरीचा आहे हे पक्क्या शाईने लिहून ठेवावे.

बसवायची कुठे?

उत्तम जागा म्हणजे फ्रेमच्या तिकोनात, खालच्या तिरप्या दांड्यावर. वजन खाली आणि मधोमध राहिल्याने सायकल डोलत नाही व कॅरिअर मालासाठी मोकळे राहते. म्हणून सायकल घेतानाच तिकोन मोकळा आहे का ते पाहावे. मागे शॉकअप असलेल्या सायकलीत ही जागा बहुधा उरत नाही. फक्त पुढे शॉकअप असलेली घ्यावी. तिकोनाची मापे पुठ्ठ्यावर कापून दुकानात न्यावीत.

पुष्कळ सायकलींच्या या दांड्यावर पाण्याची बाटली अडकवण्याचे दोन स्क्रू असतात. बॅटरीची पट्टी त्यांवर बसते. परंतु चार-सहा किलोची बॅटरी केवळ या दोन स्क्रूंच्या भरवशावर सोडू नये. पट्टीच्या दोन्ही टोकांना दांड्याभोवती क्लॅम्प घ्यावेत, मध्ये रबरी पट्टी घालावी आणि वरून एक मजबूत पट्टा आवळावा. ॲल्युमिनियमच्या दांड्याला नवे भोक कधीही पाडू नये. दांडा तिथूनच तडकतो. स्क्रू आठवड्यातून एकदा तपासावेत.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची हवी. बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज असावा. वायर चेन व पायडलपासून दूर, नळीत घालून बांधावी आणि जोडाशी ती खाली झोल देऊन आणावी, म्हणजे पावसाचे पाणी जोडात न शिरता खाली ठिबकेल. हॅन्डल पूर्ण दोन्हीकडे वळवून वायर ताणली जात नाही ना, हे पाहावे. दांड्याला घासून वायर सोलली गेली, तर एका खड्ड्यात शॉर्ट-सर्किट होते.

ऊन आणि घरातले चार्जिंग

बहुतेक लिथियम सेलना ४५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत चार्ज करू नये, असे बनवणारेच सांगतात. भर दुपारी रस्त्यावरून आलेली बॅटरी याहून गरम असते. तिला तासभर सावलीत गार होऊ द्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात मगरिबनंतर चार्जिंगला लावणे बरे. ३ अँपिअरचा चार्जर असेल तर १५ एएचची बॅटरीही चार-पाच तासांत, झोपण्याच्या वेळेपर्यंत भरते. रात्रभर लावून झोपू नये. दाराच्या वाटेत, गादी, कापडाचे गठ्ठे किंवा गॅस सिलिंडरजवळ लावू नये. फरशीवर, उघड्या जागी लावावी.

हे आम्ही भीती घालण्यासाठी लिहीत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि सात वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून विजेच्या दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण सुटी बॅटरी घेऊन सायकलला जोडणाऱ्याच्या दारी ही तपासणी आपोआप येत नाही. ती त्याने स्वतःच मागावी लागते.

कायदा आणि कारागीर

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या मोटारीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरील दुचाकी मोटार वाहनात गणली जात नाही. मात्र ही सूट पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेच्या चाचणीशी जोडलेली आहे. तेव्हा 'लायसन लागत नाही' या तोंडी शब्दावर न विसंबता संचाचे प्रमाणपत्र मागावे. ३५० किंवा ५०० वॅटची मोटार या सवलतीत बसत नाही.

आमच्या कारागीर बांधवांसाठी यात काम आहे. दांड्याच्या मापाचे क्लॅम्प, बॅटरीवर सावली धरणारे रेक्झिनचे कव्हर, माल वाहणारे मजबूत कॅरिअर ही लेथवाल्याची, शिवणकाम करणाऱ्याची आणि वेल्डरची कामे आहेत. भंगाराचा धंदा करणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की लिथियम बॅटरी लेड-ॲसिडसारखी फोडायची नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती अखंड ठेवून नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडेच द्यावी.

सायकलला बॅटरी बसवून देणाऱ्या मिस्त्रीने गिऱ्हाइकाला वरचा हिशेब आणि चार्जिंगच्या या चार गोष्टी समजावून सांगाव्यात, बिलावर बॅटरीचा प्रकार लिहून द्यावा आणि महिन्याने सायकल पुन्हा तपासणीस बोलवावी. त्यात जाणारी पंधरा मिनिटे फुकट जाणार नाहीत, कारण तोच गिऱ्हाईक पुढे आपल्या ओळखीच्यांना घेऊन येईल.