कॅनरी घ्यावी ती कानाने पारखून

शिरपूरला आमच्या कापड दुकानात गल्ल्यामागे कॅनरीचा पिंजरा टांगलेला असतो. व्यापारी बंधू विचारतात, पक्षी कसा घ्यावा? आमचे दोन तोटे सांगितले म्हणजे उत्तर मिळेल.

पहिला पक्षी आम्ही मुंबईच्या एका विक्रेत्याकडून 'गाणारा नर' म्हणून आणला. रंग पिवळाधमक, पण चार महिने नुसता चिवचिवाट. शेवटी त्याने अंडे घातले! कॅनरीत गातो तो नर. मादी क्वचितच गाते आणि दिसायला दोघे सारखेच. आपण ताग्याचे कापड उलगडून, हाताने चोळून घेतो. तसे गाणे कानाने ऐकल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मात्र पिसे झडण्याच्या दिवसांत चांगला नरही गप्प बसतो. तेव्हा सौदा टाळावा.

दुसरा नर सुरेख गात असे. मे महिन्यात दुपारी शटर ओढून आम्ही जेवायला गेलो. परत आलो तो पत्र्याखालच्या उकाड्याने तो मेलेला होता. चूक सर्वस्वी आमची. आता उन्हाळाभर पिंजरा घरातल्या थंड खोलीत असतो. पाणी दोनदा बदलतो, आंघोळीला उथळ भांडे ठेवतो. कूलरचा झोत अंगावर येऊ देत नाही.

हा पक्षी मूळचा अटलांटिक महासागरातील कॅनरी, मदेरा व अझोर्स बेटांवरचा. युरोपात तो कारागिरांच्या घरी वाढला. जर्मनीच्या हार्झ डोंगरातील खाणकामगारांनी त्याची मंजुळ गाणारी जात जोपासली. इंग्लंडच्या नॉर्विच शहरात तो फ्लँडर्सच्या विणकरांनी नेला, असे सांगतात. विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी ठेवीत. इतका त्याचा श्वास नाजूक! म्हणून लोबान, मच्छर अगरबत्ती व चुलीचा धूर त्याच्यापासून दूर ठेवावा.

खाण्यास कॅनरीचे बी, राळा, धुतलेली कोथिंबीर व पालक द्यावा. चोच घासण्यास समुद्रफेण. घरट्यासाठी आपल्याकडचे लांब सुती धागे टाकू नयेत, ते पायात गुंततात.

आपल्याकडचे पोपट, मुनिया, बुलबुल पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कॅनरी परदेशी असल्याने तिला ही बंदी नाही.

यात नफा शोधू नये. गिऱ्हाईक माल परत करते, भांडते. पिंजऱ्यातला जीव काहीच बोलत नाही. त्याचा हिशेब मालकानेच रोज ठेवायचा असतो.