आधी रूळ ठरवा, मग सॉफ्टवेअर

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. ते पाहून आलेल्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, असं काही आपल्या घरी करता येईल का? येतं. इंजिन, दोन-तीन डबे, कंट्रोलर आणि लंबगोलापुरते रूळ असा तयार संच मिळतो आणि त्याच संध्याकाळी गाडी घरात फिरू लागते. चार दिवसांनी मात्र नुसत्या लंबगोलाचं समाधान होत नाही. स्टेशन हवं, गाडी बाजूला घ्यायला लूप लाइन हवी, मालधक्क्याची सायडिंग हवी. इथून पुढं आराखडा लागतो आणि आराखड्यासाठी सॉफ्टवेअरची शोधाशोध सुरू होते.

मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा ट्रेड शिकवत आलो आणि छोट्या रेल्वेचा नाद मला त्याहून जुना. त्यामुळे ओळखीतले लोक मलाच विचारतात, "सर, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, "रूळ कुठल्या कंपनीचे घेतलेत?" बऱ्याच जणांना या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. निवडीची सगळी किल्ली मात्र त्या संबंधातच आहे.

ऑटोकॅड का नको

माझ्या एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, "सर, मला ऑटोकॅड येतं. त्यातच काढतो ना." मी म्हटलं, "काढ की. पण तू काढलेला तुकडा दुकानात मिळायला हवा." ऑटोकॅडमध्ये हवी ती त्रिज्या देता येते, हवं ते अंतर ठेवता येतं. खेळण्याचे रूळ मात्र ठरावीक लांबीचे आणि ठरावीक वळणाचे असतात. ज्या सॉफ्टवेअरला ते तुकडे ठाऊक आहेत, तेच आपल्या कामाचं.

एक उदाहरण नीट पाहू. हॉर्नबी आणि पेको सेटट्रॅक या दोन ब्रिटिश रुळांची मापं एकच आहेत. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि सरळ तुकडा १६८ मिमीचा. गोलाईच्या तुकड्यांत फर्स्ट रेडियस म्हणजे ३७१ मिमी आणि सेकंड रेडियस म्हणजे ४३८ मिमी. पॉइंटची, म्हणजे रूळ जिथं दोन वाटांना फुटतो त्या तुकड्याची, सरळ बाजूही १६८ मिमीचीच, तर वळणारी बाजू ४३८ मिमी त्रिज्येनं २२.५ अंश वळते. एवढं वळताना ती सरळ रुळापासून ३३.३ मिमी बाजूला जाते. तिला पुन्हा समांतर करायला त्याच त्रिज्येचा आणि तेवढ्याच अंशांचा तुकडा उलट्या दिशेनं लावायचा, की ती आणखी ३३.३ मिमी सरकते. म्हणजे लूप लाइन मेन लाइनपासून जवळजवळ ६७ मिमीवर आली. आता ४३८ मधून ३७१ वजा करून पाहा, ६७च येतात. त्यामुळे सरळ भागात सुरू झालेली लूप वळणावरूनही तेवढंच अंतर राखत जाऊ शकते. लांबीचंही तसंच. वळणारा तुकडा पुढच्या दिशेला १६७.६ मिमी जागा घेतो आणि सरळ तुकडा १६८. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असलेला हा फरक सांध्यांत सहज मुरतो.

या रुळांची आखणी करणाऱ्यांनी घातलेला हा हिशोब मला फार आवडतो. वर्गात त्रिकोणमिती शिकवायला याहून सुंदर उदाहरण मला मिळालेलं नाही. चांगलं सॉफ्टवेअर हा हिशोब स्वतःजवळ ठेवतं. पडद्यावर तुकडा तुकड्याजवळ नेला की तो टक्कन जुळतो आणि जुळत नसेल तर फट उघडी दिसते. एखाद्या मिलिमीटरची फट सांध्यांत वाटून जाते. पाच मिलिमीटरची फट ओढूनताणून बुजवली, तर डबे रोज त्याच जागी घसरतात.

लायब्ररी म्हणजे काय

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कंपनीवार रुळांचे संच भरलेले असतात, त्याला लायब्ररी म्हणतात. तुमचा संच तिथं नेमका सापडायला हवा. नुसतं "एचओ रूळ" एवढं पाहून भागत नाही. मेर्कलिनच्या सी ट्रॅकमध्ये पहिली त्रिज्या ३६० मिमी, दुसरी ४३७.५ मिमी आणि गोलाईचा नेहमीचा तुकडा ३० अंशांचा, म्हणजे बारा तुकड्यांचं एक वर्तुळ. एचओपेक्षा लहान अशा एन मापाच्या काटो युनिट्रॅकमध्ये २८२ आणि ३१५ मिमी त्रिज्येचे ४५ अंशांचे तुकडे मिळतात, म्हणजे आठांत वर्तुळ पुरं. कधी कधी एकाच कंपनीचे दोन संच वेगळे असतात. पेकोचाच स्ट्रीमलाइन घ्या. त्याचे पॉइंट १२ अंशांचे असतात आणि समांतर रुळांतलं अंतर साधारण ५१ मिमी. दोन्ही रुळांवर गाडी तीच चालते, पण सेटट्रॅकच्या नावाखाली स्ट्रीमलाइनचे तुकडे निवडले तर सगळा आराखडा बिघडतो.

लायब्ररीत भारतीय ब्रॉडगेज का दिसत नाही, असंही मला पुष्कळ जण विचारतात. एचओ म्हणजे खऱ्याच्या १/८७ माप. जगात सर्वाधिक पसरलेला १४३५ मिमीचा गेज ८७नं भागला की १६.५ येतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, तो त्याच मापात १९.३ मिमीच्या आसपास जाईल. आपल्या गाड्यांचे मॉडेल करणारेही सोयीसाठी १६.५ मिमीचेच रूळ वापरतात. नवख्यानं तेच करावं आणि लायब्ररीतला तयार संच घ्यावा.

पाट आधी मोजा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी जागेचा अंदाज कागदावर घ्यावा. जॉन आर्मस्ट्राँग या अमेरिकन आराखडाकारानं यासाठी चौकोनांची रीत सांगितली. सर्वांत लहान त्रिज्या घ्यायची, तिच्यात समांतर रुळांतल्या अंतराची दुप्पट मिळवायची, आणि येईल ती चौकोनाची बाजू. पूर्ण वर्तुळाला असे दोन बाय दोन चौकोन लागतात. सेकंड रेडियससाठी ४३८ अधिक १३४ म्हणजे ५७२ मिमी. आठ बाय चार फुटांचा प्लाय साधारण २४३८ बाय १२१९ मिमीचा असतो. त्यात हे चौकोन लांबीला चार आणि रुंदीला दोन बसतात, म्हणजे लंबगोल ऐसपैस होतो.

आता फ्लॅटमध्ये परवडणारा सहा बाय तीन फुटांचा पाट घ्या. त्याची रुंदी ९१४ मिमी आणि सेकंड रेडियसच्या वर्तुळाचा व्यास ८७६. रुळाच्या मध्यापासून पाटाची कड दोन्हीकडे जेमतेम १९ मिमीवर. गाडी घसरली की थेट फरशीवर. फर्स्ट रेडियस घेतला तर जागा सुटते, पण लांब डबे आणि मोठी इंजिनं त्या वळणावर अडतात. अशा घरात मी एन माप सुचवतो. काटोचं २८२ मिमीचं वर्तुळ ५६४ मिमीत बसतं आणि कडेला झाडं-घरं लावायलाही जागा उरते.

कुणी काय घ्यावं

एनीरेल हे नेदरलँड्समधलं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. शिकायला ते सगळ्यांत सोपं. बाजूच्या यादीतून तुकडा उचलायचा, पडद्यावर सोडायचा, पुढचा जोडायचा. वाकवता येणारा फ्लेक्स ट्रॅक गरजेपेक्षा जास्त वळवला तर ते तसं दाखवून देतं. फुकटात पन्नास तुकड्यांपर्यंतचा आराखडा करता येतो. सरळ भागात लांब तुकडे वापरले तर लंबगोल, एक लूप आणि दोन सायडिंग एवढ्यात आरामात होतात.

बल्गेरियात तयार झालेलं स्कार्म हेही विंडोजवरचं. फुकटातली मर्यादा शंभर तुकड्यांची. आराखडा त्रिमितीत फिरवून पाहता येतो, त्यामुळे घरातल्या इतर माणसांनाही आपल्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. रुळांच्या टोकांना उंची दिली की चढ किती ते दिसतं. मेनू थोडे जास्त आहेत, पण सवय लवकर होते. मर्यादा आणि किमती बदलू शकतात, डाउनलोड करताना पाहून घ्या.

एक्सट्रॅककॅड पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि आखलेल्या रुळांवर पडद्यावरच गाडी चालवूनही पाहता येते. मात्र कंपनीच्या मापांच्या फाइली आपण निवडून घ्याव्या लागतात आणि आज्ञाही पुष्कळ आहेत. ज्याचा हात ड्रॉइंगवर बसलाय किंवा जो शिकायला वेळ देणार आहे, त्यानं हे जरूर घ्यावं. फक्त मॅक असलेल्यांसाठी रेलमॉडेलर आहे. टेम्प्लॉटचं नावही कानावर पडेल. रूळ स्वतःच्या हातानं घडवणाऱ्यांचं ते साधन, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

सॉफ्टवेअर पारखायची माझी कसोटी साधी आहे. आपल्या रुळांची लायब्ररी उघडायची आणि लंबगोल, त्याला एक लूप आणि एक सायडिंग एवढंच काढायला बसायचं. तासाभरात ते जमलं आणि तुकड्यांची यादी हातात आली, तर सॉफ्टवेअर तुमचं. नाही जमलं तर दुसरं उघडा. यादीला मी फार महत्त्व देतो. आपल्याकडे या रुळांचा मोठा भाग परदेशातून येतो. चुकीचा पॉइंट आला तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

चढाचा हिशोब

सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला एक पूल हवा असतो, खालून एक गाडी आणि वरून दुसरी. सॉफ्टवेअरची खरी मदत इथं होते. कर्जत ते लोणावळा या बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते. तेवढ्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. टक्केवारीत हा चढ २.७ होतो, आणि छोट्या रेल्वेतही दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये असाच सल्ला देतात.

एचओ गाडीवरून पूल न्यायचा तर रूळ साधारण ७५ मिमी वर उचलावा लागतो. बोरघाटाच्या चढानं त्याला २७७५ मिमी लांबी लागेल, उतरायला पुन्हा तेवढीच. दोन्ही मिळून साडेपाच मीटरच्या वर. आठ बाय चारच्या पाटावर सेकंड रेडियसचा मोठ्यात मोठा लंबगोल आखला तरी त्याची पूर्ण लांबी ५.६ मीटरच्या आसपास भरते. म्हणजे सगळा लंबगोल चढण्या-उतरण्यातच संपला, स्टेशनला सपाट जागा कुठं उरली? आकडे टाकताच पडद्यावर हे उघड होतं. प्लाय कापायच्या आधी ते कळलेलं बरं. पहिला आराखडा सपाटच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे आपणच पाहायचं

काही गोष्टी नकाशा कितीही सुबक असला तरी आपल्यालाच तपासाव्या लागतात. पाटाच्या कडेपासून हात किती आत पोचतो? साधारण अडीच फुटांपलीकडे घसरलेला डबा उचलणं अवघड जातं. म्हणून चार फुटी पाट भिंतीला चिकटवू नये, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. पॉइंट सहज हात पोचेल तिथंच ठेवावेत. दुसरी गोष्ट विजेची. दोन रुळांतून वीज देणाऱ्या पद्धतीत रूळ वळून स्वतःलाच उलट दिशेनं येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. तिथं वेगळं वायरिंग लागतं. मेर्कलिनच्या मधल्या संपर्काच्या तीन रुळी पद्धतीत ही अडचण येत नाही. आराखड्यात असं वळण आलंय का, ते बोट फिरवून पाहावं.

हे सगळं झालं की खऱ्या मापात छपाई करा. वर सांगितलेली सॉफ्टवेअर आराखडा तुकड्यातुकड्यांनी ए-फोर कागदांवर उतरवू शकतात, काहींना त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. कागद चिकटवून फरशीवर पसरा, वरून डबे ठेवून पाहा, मुलांना आणि घरच्यांना बोलवा. लूपमध्ये आपली सगळ्यात लांब गाडी मावते का, स्टेशनमागं इमारतीला जागा राहते का, हे अशानं लगेच लक्षात येतं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: पाट, रूळ, लायब्ररी आणि मग सॉफ्टवेअर. विंडोज असेल तर स्कार्मपासून सुरुवात करा, मेनूंची भीती वाटत असेल तर एनीरेल घ्या, मॅकवर रेलमॉडेलर आणि लिनक्सवर एक्सट्रॅककॅड. पहिला आराखडा पन्नास तुकड्यांच्या आत ठेवा, परवाना विकत घेण्याची घाई करू नका. पडद्यावर महिनोन्‌महिने यार्ड आखत बसू नका. यादी काढा, रूळ मागवा आणि गाडी चालवा. पुढच्या आराखड्याला काय हवं, ते चालती गाडीच तुम्हाला सांगेल.