नळाची लपलेली गळती कशी शोधावी?
(इयत्ता ४ थी)

पाण्याला जीवन म्हणतात. माणसांना, गुरांना, झाडांना सर्वांनाच पाणी लागते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल होतात. २०१८ साली तर यवतमाळ शहरालाही पाणी पुरले नव्हते. म्हणून नळाचे पाणी वाया जाऊ देऊ नये.

तोटी गळत असली तर थेंब दिसतात. आपण तोटीचे वायसर बदलतो. पण नळी जमिनीखाली फुटली तर? ४ मार्च २०२३ रोजी यवतमाळ शहरात जमिनीखालची मोठी नळी फुटली. रस्ता उखडला आणि पाणी उंच उडाले. स्कूटीवरून जाणारी एक बाई जखमी झाली. ती नळी फुटली हे साऱ्यांना दिसले. घरातली लहान गळती मात्र दिसत नाही.

ती का दिसत नाही, हे मला मोठेबाबांनी सांगितले. आपली जमीन काळी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वावरात केवढ्या भेगा पडतात, आपण पाहतोच. माती हलली की आतली नळीही हलते. मग तिचा सांधा निसटतो नाहीतर नळी तडकते. गळलेले पाणी त्याच भेगांमधून खाली जाते. वरून जमीन कोरडीच्या कोरडी!

आमच्या घरी गळती कशी शोधली ते आता सांगतो.

१) आमच्या न्हाणीवर सिमेंटचे टाके आहे. आई म्हणाली, "सांजेला भरलेलं टाकं सकाळी उतरते कसं?" म्हणून रात्री सर्व तोट्या बंद केल्या. बाबांनी टाक्यात काठी उभी धरली. ती जिथपर्यंत ओली झाली तिथे खूण केली. सकाळी पुन्हा काठी धरली. पाणी ३ सेंटीमीटर उतरले होते. टाक्यावर झाकण आहे, म्हणून वाफ होऊन एवढे पाणी जाणार नाही.

मग मी हिशेब केला. टाके १०० सें.मी. लांब आणि १०० सें.मी. रुंद आहे. १०० × १०० × ३ = ३०,००० घन सें.मी. गुरुजींनी सांगितले आहे की १,००० घन सें.मी. म्हणजे १ लिटर. म्हणजे एका रात्रीत ३० लिटर पाणी गेले. आमच्या गुंडात १५ लिटर मावते. नळ आला नाही की आई विहिरीवरून एका खेपेला एक गुंड आणते. म्हणजे आईच्या दोन खेपा रोज रात्री मातीत जात होत्या. जलजीवन योजनेत एका माणसाला दिवसाचे ५५ लिटर पाणी धरले आहे. त्यातले अर्ध्याहून जास्त झाले नं!

२) टाके गळते की नळी? दुसऱ्या रात्री टाक्याखालचा कॉक बंद ठेवला. सकाळी पाणी खुणेवरच होते. म्हणजे टाके चांगले आणि नळी गळकी.

३) आमची नळी न्हाणीपासून गोठ्यापर्यंत जमिनीखालून जाते. आजी म्हणाली, "साऱ्या आंगणातलं गवत वाळलं, अन् इथचंच हिरवं काहून रे?" तिथे भिंतीचे पोपडेही निघाले होते. मुळांना खालून पाणी मिळत होते.

४) रात्री सारे निजले की बाबांनी लोखंडी सळई तिथे जमिनीत थोडी रोवली आणि वरच्या टोकाला कान लावला. मीही लावला. आतून सर्र सर्र आवाज येत होता. दोन हात दूर सळई रोवली तर आवाज कमी झाला. जिथे आवाज मोठा तिथे दगड ठेवला.

सकाळी कॉक बंद करून तिथे कुदळीने हळूहळू खोदले. हातभर खाली चिखल लागला. नळी सांध्यापाशी तडकली होती. शेजारचे काका म्हणाले, "सायकलची ट्यूब बांधून टाका." मोठेबाबा म्हणाले, "ते चार दिवसांचं काम." त्यांनी तडकलेला तुकडा आरीने कापला. तेवढाच नवा तुकडा घेतला. टोके पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावले आणि दोन्ही बाजूंना कपलिंग बसवले. ते वाळू दिले. मग पाणी सोडून पाहिले. सांधा कोरडा राहिला, तेव्हाच खड्डा बुजवला. नळीच्या भोवती मुरूम टाकला. मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही.

गावच्या नळीला गळती असली तर आणखी वाईट. नळ थोडाच वेळ येतो. बाकी वेळ नळीत जोर नसतो. तेव्हा नालीतले घाण पाणी त्या भोकातून आत शिरते आणि नळ आला की घरात येते. त्याने हगवण, कावीळ, टायफॉइड होतो. अशी गळती दिसली की ग्रामपंचायतीत लगेच सांगावे.

थेंबे थेंबे तळे साचे, असे आपण म्हणतो. तसेच थेंबे थेंबे टाके रिकामेही होते. मित्रांनो, आज रात्री आपल्या टाक्यात काठी धरून पाहा. पण टाक्यावर एकट्याने चढू नका, मोठ्या माणसाला सोबत घ्या.