डायलिसिसच्या रुग्णांनो, हृदयाला जपा!

मूत्रपिंडे निकामी झाली की घरातल्या सर्वांचे लक्ष डायलिसिसच्या तारखांकडे लागते. पण अशा रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे असते, याची अनेक कुटुंबांना कल्पनाच नसते.

निरोगी हृदय दर मिनिटाला जे रक्त बाहेर टाकते, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तेथे पाणी आणि क्षार यांचा हिशेब अहोरात्र चालतो. हे काम थांबले की पाणी शरीरातच साचते, रक्तदाब वाढतो. रक्त तयार होण्यासाठी लागणारे एरिथ्रोपोएटिनही कमी पडते आणि पंडुरोग जडतो. मग पुरेसा प्राणवायू पोचवण्यासाठी हृदयाला जास्त राबावे लागते. हळूहळू त्याच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होते.

१९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रुग्णावर वापरले. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली. तरीही मूत्रपिंडे जे काम चोवीस तास करतात, ते यंत्राला आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तासांत उरकावे लागते. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात तीन किलो वजन वाढले, तर ते बहुतेक तीन लिटर पाणीच असते. ते झपाट्याने काढताना रक्तदाब कोसळू शकतो. उलट खाडा केला तर फुप्फुसांत पाणी भरते, रात्री आडवेही होता येत नाही.

मग घरच्यांनी काय करावे?

• रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे.

• पापड, लोणची, फरसाण टाळावे. मीठ कमी झाले की तहानही कमी होते.

• 'कमी सोडियम'चे मीठ परस्पर आणू नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते. शहाळ्याचे पाणीही पोटॅशियममुळेच धोक्याचे. ते रक्तात फार वाढले तर हृदय अचानक बंद पडू शकते.

• फिस्च्युला असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये.

• धाप, छातीत दुखणे, एकाएकी अशक्तपणा जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले तर अनेकांच्या हृदयावरचा ताण कमी होतो. तोपर्यंत मात्र पाण्याचा प्रत्येक पेला मोजूनच प्यावा. किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.