मिस्टर नाही आले?

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपला हॅम रेडिओचा संच घेऊन पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले, पण त्यांच्या बिनतारी संचावरून लोकांची खुशाली घरी पोचत राहिली.

हे ऐकून बचत गटातल्या तिघींनी परवाना काढायचं मनावर घेतलं. शहरातल्या एका क्लबात गेलो, तर पहिलाच प्रश्न, "मिस्टर नाही आले?" मग तासभर अँटेना आणि मोर्सचं कडकट्ट! वास्तविक रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्स लागतच नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम, की झाली परीक्षा. बारा वर्षांचं पोरही बसू शकतं. पण मैत्रिणींनो, हे आधी कुणी सांगेल तर ना!

दुसऱ्या क्लबातल्या काकांनी मात्र आधी नुसतं ऐकायला बसवलं. खरखरीतून लांबच्या गावचा माणूस बोलला आणि आमच्या बायकांचे डोळे हे एवढे झाले! मग काकांनी वही काढून ओहमचा नियम नळाच्या पाण्यावरून समजावला. दोघी आता दर रविवारी जातात.

तिसरी काही आली नाही. म्हणते, "नको गं ताई, ते सगळे इंजिनीअर."