शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक : घरच्या साहित्यात साफसफाई आणि पावसाळ्यातील निगा



कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, रानडुक्कर, माकड आणि गव्यांपासून भात, केळी, नारळ राखण्यासाठी अनेक घरांत शेतसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक आहे. फवारणी पंप आपण वापरानंतर धुऊन ठेवतो, कोयत्याला तेल लावतो; पण बंदूक मात्र बार उडाला की तशीच खुंटीला जाते. पुढच्या हंगामात ती काढली की नळी तांबडी झालेली असते आणि निपलचे भोक बुजलेले असते. अशी बंदूक ऐनवेळी दगा देते, आणि क्वचित धरणाऱ्यालाच इजा करते. साफसफाईला महागडे साहित्य लागत नाही. मात्र क्रम चुकता कामा नये.

नळी का गंजते?

ठासणीच्या बंदुकीत वापरली जाणारी काळी दारू पूर्ण जळून जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून मागे राहतो. त्यातला काही धुरातून बाहेर जातो, बाकीचा नळीत चिकटतो. या काळ्या थरात पोटॅशचे क्षार असतात. पावसाळ्यात उघडे राहिलेले युरियाचे पोते जसे पाणी धरते, तसेच हे क्षार हवेतील ओल ओढून घेतात. ओल, क्षार आणि लोखंड एकत्र आले की गंज सुरू होतो. कोकणातल्या दमट हवेत त्यासाठी एक-दोन दिवस पुरतात.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. हे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये नाही. नुसते रॉकेल फिरवले तर नळी चकचकीत दिसते, पण क्षार तेलाच्या थराखाली तसेच राहतात आणि आतून गंज चालूच राहतो. म्हणून ठासणीच्या बंदुकीसाठी पहिले औषध म्हणजे गरम पाणी आणि साबण.

सर्वात आधी : बंदूक रिकामी आहे का?

बंदुकीचे बरेच अपघात ती रिकामी आहे असे गृहीत धरल्यामुळे होतात. ठासणीच्या बंदुकीत बार आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून दर वेळी ही तपासणी करा :

१. बंदुकीचे तोंड माणसे, गुरे आणि घर यांपासून दूर, सुरक्षित दिशेला ठेवा. निपलवर केप असेल तर ती आधी काढा.
२. गज नळीत अलगद सोडा, ठासू नका. तोंड शरीरापासून दूर असू द्या. गज जिथपर्यंत आत गेला तिथे नळीच्या तोंडाशी खडूने खूण करा.
३. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेपर्यंत धरा. गजाचे टोक साधारण निपलच्या जवळ पोचले पाहिजे.
४. टोक निपलपासून चार बोटे किंवा जास्त अलीकडे राहिले तर आत बार भरलेला आहे किंवा काहीतरी अडकले आहे असे समजा.

असे आढळल्यास साफसफाई तिथेच थांबवा. खिळ्याने उकरू नका, नळी तापवू नका, फुंकर मारू नका. पाणी ओतून बार निकामी झाला असे मानणेही धोक्याचे आहे, कारण ओली दारू वाळली की पुन्हा पेटते. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बार काढून घ्या.

दारू, छरे आणि केप साफसफाईच्या जागी ठेवू नका. चूल, विडी-सिगारेट आणि लहान मुले लांब असू द्यात.

लागणारे साहित्य

• एक बादली कडकडीत गरम पाणी
• भांडी घासायचा द्रव साबण, दोन-तीन चमचे
• जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे दोन-दोन इंचांचे तुकडे (टेरिकॉट पाणी शोषत नाही, ते नको)
• जुना दात घासायचा ब्रश
• लाकडी किंवा पितळी गज
• शिवणयंत्राचे तेल

धुण्याची पद्धत

१. निपल त्याच्या चावीने सैल करून काढा आणि साबणाच्या गरम पाण्यात भिजत ठेवा. चावी नसेल तर पकडीने जोर लावू नका. आटे खराब होतात. अशा वेळी निपल जागेवरच ब्रशने धुवा.

२. नळी दस्त्यापासून सहज सुटत असेल तर सोडवा. तिचे मागचे टोक बादलीत बुडवा, गजाला ओले फडके गुंडाळून वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होते आणि काळा गाळ निघून येतो. नळी सुटत नसेल तर ठोकून काढू नका. तोंड खाली झुकवून साबणाच्या पाण्यात भिजवलेली फडकी एकामागून एक फिरवा, म्हणजे पाणी लाकडात आणि घोड्याच्या यंत्रात उतरणार नाही.

३. फडके काळे येत आहे तोपर्यंत हे करत राहा. पाणी गढूळ झाले की बदला.

४. शेवटी साध्या, उकळत्या पाण्याने नळी खळखळून धुवा. हात भाजू नये म्हणून जाड कापडाने धरा. लोखंड चांगले तापले की उरलेले पाणी आपोआप उडून जाते.

५. कोरडी फडकी फिरवा. शेवटचे फडके पूर्ण कोरडे आणि स्वच्छ आले पाहिजे.

६. निपलचे भोक बारीक तांब्याच्या तारेने मोकळे करा. खिळा, ड्रिल किंवा जाड सुई घालून ते मोठे करू नका. भोक मोठे झाले की बार उडताना गरम वायू मागे, थेट डोळ्याकडे येतो.

७. नळी कोमट असतानाच आतून-बाहेरून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. निपलच्या आट्यांना थेंबभर तेल लावून ते परत बसवा. घोडा आणि चाप पुसून कोरडे करा.

८. दुसऱ्या दिवशी स्वच्छ फडके पुन्हा फिरवून पाहा. त्यावर तांबूस रंग आला तर क्षार राहिले आहेत. धुणे पुन्हा करा.

बारा बोअरची बंदूक असेल तर

काडतुसाच्या बंदुकीतील धूरविरहित दारूचा अवशेष वेगळा असतो. तिला बादलीत बुडवू नका. बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. मग रॉकेलमध्ये किंचित ओलावलेले फडके मागून पुढे फिरवा, कोरडे करा आणि पातळ तेल लावा. हे काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोल कधीही वापरू नका.

हे टाळा

• चिंच, लिंबू, व्हिनेगर : पितळेच्या भांड्यांना चालते, बंदुकीला नाही. आम्लाने नळीवरचा संरक्षक रंग निघतो आणि गंज वाढतो.
• राख, विटेची पूड, पॉलिश पेपर : नळीला ओरखडे पडतात आणि त्यात ओल धरते.
• खाण्याची तेले : सोयाबीन, सूर्यफूल, जवस यांचे तेल कालांतराने चिकट होते आणि घोडा अडखळतो. खोबरेल खवट होते आणि थंडीत गोठते.
• जास्त तेल : ते निपलमध्ये उतरून दारू ओली करते आणि बार उडत नाही.

पावसाळ्यात ठेवायचे कसे?

बंदूक रेक्झिनच्या किंवा कॅनव्हासच्या बंद कव्हरमध्ये ठेवू नका. आत ओल कोंडते. कोरड्या जागी, कुलुपात, आडवी ठेवा. खताच्या, मिठाच्या किंवा कीटकनाशकांच्या खोलीत तर मुळीच नको, कारण म्युरेट ऑफ पोटॅश आणि अमोनियम सल्फेटसारख्या खतांचा अंश लोखंड खातो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी फडके फिरवून तेलाचा हात द्या.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर ती धुऊन, तेल लावूनच द्या. तिथे ती महिना-दोन महिने राहू शकते.

पुन्हा वापरण्यापूर्वी

बंदूक रिकामी असल्याची खूण पुन्हा तपासा. कोरड्या फडक्याने नळीतले आणि निपलमधले तेल पुसून काढा. केप फुटली पण बार उडाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला तसेच ठेवून किमान दोन मिनिटे थांबा. नळीत डोकावून पाहू नका.

नळीला फुगवटा, तडा किंवा खोल खड्डे दिसले, घोडा अर्ध्यावर थांबत नसेल, तर बंदूक वापरू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्तीचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नळी देणे बेकायदा आणि जिवावरचे आहे. तुम्ही स्वतः सोबत नसाल आणि दुसऱ्याच्या हाती बंदूक दुरुस्तीला पाठवत असाल, तर त्याच्याजवळ तुमचे लेखी अधिकारपत्र हवे.

शस्त्राचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. पिकाचे नुकसान झाले की आधी वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज करा.

काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा, कारण फडक्यांवर शिशाचा अंश असतो. काळे पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या डोणीजवळ ओतू नका. सगळे मिळून तासाभराचे काम आहे. बार उडाल्यावर ते त्याच दिवशी उरकले, तर पुढच्या हंगामात बंदूक तुम्हाला खात्रीने हाती धरता येईल.